युएछिनला ‘चंद्रवीणा’ म्हटलं तर चालेल का?

प्रश्न असा आलाय की नैऋत्य चीनमधल्या यी लोकांचं ते गोल तंतुवाद्य, ज्याला इंग्लिशवाले मून गिटार म्हणतात, त्याला मराठीत चंद्रवीणा म्हणावं का, आणि मूळ नाव युएकिन लिहायचं की युएचिन.

उच्चाराचं आधी मिटवून टाकू. रोमन स्पेलिंगमधला क्यू बघून लोक क लिहून मोकळे होतात, पण चिनीत तो छच्या जवळ जातो, म्हणून युएछिन लिहा. युए म्हणजे चंद्र. छिनची मात्र गोची आहे, कारण छिन हे काही एकाच वाद्याचं नाव नाही, मांडून वाजवायचं ते गुछिन, गजाने वाजवायचं ते हुछिन आणि पियानो तर चक्क गांगछिन, म्हणजे पोलादी छिन! आपल्या संस्कृतातला वीणा शब्दही एकेकाळी असाच सैल होता, वाट्टेल त्या तंतुवाद्याला लावायचे, त्या हिशोबाने चंद्रवीणा चूक नाही. पण आज वीणा म्हटलं की मराठी माणसाला एकतर कीर्तनातल्या विणेकऱ्याच्या गळ्यातली दिसते नाहीतर सरस्वतीच्या फोटोतली, आणि भोपळा आलाच.

इथे भोपळा वगैरे काही नाही. पोळपाटासारखं गोल चपटं लाकडी खोकं, त्याला आखूड दांडी, पडदे (सूर दाबायच्या आडव्या पट्ट्या) दांडीवरून थेट तबलीवर, म्हणजे खोक्याच्या वरच्या फळीवर उतरलेले, खाली घोडी (तारांचा आधार) तबलीलाच चिकटवलेली आणि तारा तिथेच बांधलेल्या. तारा बहुतेक चार, जुन्या पद्धतीत दोन-दोनच्या जोड्या, आणि त्या जोड्यांमध्ये सा-पचं अंतर, वाजवायला नखी. त्यात यी लोकांकडे हे खोकं सहाकोनी, आठकोनीही असतं, मग नावातला चंद्रही गेला की!

अजून एक, यी लोकांचं प्रत्येक छेडून वाजवायचं वाद्य म्हणजे युएछिन नव्हे. चीनच्या युनान प्रांतातले आशी आणि सानी हे यींचेच गट, त्यांच्या नाचात पुरुष खांद्याला पट्टा लावून भलंमोठं सान्शिएन वाजवत स्वतःही नाचतात. सान् म्हणजे तीन, शिएन म्हणजे तार, म्हणजे फारसी सेहतारसारखंच नाव झालं, ज्यातून आपली सतार आली असं मानतात. पण नाव सतारीचं असलं तरी अंग सरोदच्या जवळचं, खोक्यावर कातडं ताणलेलं असतं आणि पडदे अजिबात नसतात. त्यामुळे दोघांनाही सरसकट ‘यी वीणा’ म्हणू नका प्लीज.

मी लिहिताना पहिल्यांदा ‘युएछिन हे चपट्या खोक्याचं तंतुवाद्य’ असं लिहीन आणि पुढे नुसतं युएछिन, नपुंसकलिंगी, म्हणजे ते युएछिन, युएछिनवर, युएछिनच्या तारा. कवितेत किंवा कार्यक्रमाच्या नावात चंद्रवीणा खुशाल वापरा, छान वाटतं ऐकायला. चंद्रगिटार मात्र नकोच, ते इंग्लिश टोपणनावाचं भाषांतर झालं, मूळ नावाचं नाही.