कॅलेंडरची लिंक पाठवण्याआधी

प्रिय,

तुझं कॅलेंडर लोकांना दाखवायचं आहे ना? सहकारी जर तुझ्याच ऑफिसच्या गूगल किंवा आउटलुकवर असतील, तर कॅलेंडर सार्वजनिक करूच नकोस. त्यांचे ईमेल पत्ते घालून थेट शेअर कर. बदल लगेच दिसतात आणि कोण पाहतंय हेही तुझ्या हातात राहतं. सार्वजनिक लिंक फक्त बाहेरच्या किंवा वेगळी प्रणाली वापरणाऱ्या लोकांसाठी ठेव.

गूगलची ही सेटिंग संगणकावरच्या ब्राउझरमधून कर, मोबाइल ॲपमध्ये शोधत बसू नकोस. कॅलेंडरच्या नावाजवळचे तीन ठिपके दाबून सेटिंग्जमध्ये जा, सार्वजनिक करण्याच्या पर्यायावर खूण कर आणि तिथेच 'फक्त मोकळा/व्यस्त' निवड. तू दुपारी तीनला मोकळं आहेस की नाही, एवढंच त्यांना हवं असतं. दवाखान्याची वेळ कशाला कळायला हवी?

खाली दोन पत्ते दिसतील, सार्वजनिक आणि गुप्त. दोन्हींच्या शेवटी डॉट आयसीएस (कॅलेंडरच्या फाइलची खूण) असतं, म्हणून घाईत चुकीचा कॉपी होतो. गुप्त पत्ता ज्याच्या हाती पडेल त्याला पासवर्डशिवाय सगळा तपशील दिसतो. 'फक्त मोकळा/व्यस्त' ही निवड तिथे लागू होत नाही. चुकून गेलाच, तर तो लगेच रीसेट कर. जुना पत्ता बंद पडतो.

आउटलुकच्या वेब आवृत्तीत कॅलेंडर प्रकाशित करताना किती तपशील दाखवायचा ते निवडता येतं आणि दोन लिंका मिळतात: एचटीएमएल नुसती पाहायला, आयसीएस स्वतःच्या कॅलेंडरात जोडायला. ऑफिसच्या खात्यात पर्याय दिसला नाही, तर बहुधा ॲडमिनने बंद केलेला असतो.

समोरच्याला बजावून सांग: फाइल डाउनलोड करून इम्पोर्ट करू नका, यूआरएलने, म्हणजे लिंकचा पत्ता घालून, सबस्क्राइब करा. इम्पोर्ट म्हणजे त्या क्षणाची प्रत, पुढचे बदल त्यात येत नाहीत. सबस्क्राइब केलं तरी गूगलमध्ये बदल उमटायला 12 तासांपर्यंत लागू शकतात. आजची मीटिंग हलवलीस, तर सरळ फोन कर.

सगळ्यात जास्त फसवते ती रजा. पूर्ण दिवसाची नोंद गूगल आणि आउटलुक दोन्ही आपोआप 'मोकळा' म्हणून धरतात. तू सुट्टीवर, आणि लोक तुझ्या दिवसावर मीटिंगा लावत बसतात! अशी नोंद उघडून हाताने 'व्यस्त' कर.

शेवटी ब्राउझरच्या खासगी विंडोत, लॉगिन न करता, सार्वजनिक लिंक स्वतः उघडून बघ. तुला तिथे मीटिंगांची नावं दिसली, तर पाठवू नकोस.