शीजांग म्हणजे महापौर, बाजार आणि भूक

तू विचारलंस ते थोडक्यात असं: मार्चमध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे दक्षिण कोरियात, सुवॉन शहरात येतेयस, पुण्यात कोरियनचा क्लास चालू आहे आणि पुस्तकात सरकारी पदांची दोन पानं भरून यादी आहे. ती पाठ करायची की ऑप्शनला टाकायची?

पाठ कर, पण खालून वर. पुस्तकं सुरू होतात देथोंग्न्यॉंगपासून, म्हणजे राष्ट्राध्यक्षांपासून. तुझी गाठ पडणार ती सरकारी कचेरीत खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाशी. त्याला म्हणायचं जुमुग्वान-निम. हे 'निम' म्हणजे आपलं 'साहेब'. ते कधी गाळू नकोस. मी पहिल्या महिन्यात एकाला 'आजॉशी' म्हणून हाक मारली होती, म्हणजे 'ओ काका'. तो जेमतेम तिशीचा होता. काम झालं, पण त्याने शेवटपर्यंत मान वर केली नाही.

मग 'जांग' पकड. जांग म्हणजे प्रमुख. गावाचा इजांग, वॉर्ड ऑफिसचा गुछॉंगजांग, शहराचा शीजांग. नवऱ्याच्या तोंडी ऑफिसातले थीमजांग आणि ग्वाजांग येतील, तेही याच घरातले. आधी 'बु' लावला की उप: बुशीजांग. आपले अध्यक्ष-उपाध्यक्ष जसे संस्कृत तुकड्यांचे, तसे हे चिनी तुकड्यांचे. दहा-बारा तुकडे आले की निम्मी यादी आपोआप सुटते.

उच्चाराला घाबरू नकोस. लिहितात गुक-मु, म्हणतात गुंगमु. शाळेत वाक् + मय = वाङ्मय घोकलं होतंस ना, तीच संधी. म्हणून पंतप्रधान इथे गुंगमु-छोंग्नी.

भाषांतरावर मात्र विसंबू नकोस. छोंग्नीला राष्ट्राध्यक्ष नेमतात, संसदेच्या संमतीने. खरी सत्ता राष्ट्राध्यक्षांकडेच. शीजांगचं उलट. 'महापौर' म्हटलं की आपल्याला फीत कापणारा माणूस दिसतो, पण इथे लोक त्याला थेट निवडून देतात आणि आपल्याकडे आयुक्त करतात तो कारभार तोच करतो. गुछॉंगजांगची आणखी गंमत: सोलच्या 25 गुंमध्ये (गु म्हणजे शहराचा वॉर्ड) तो निवडून येतो, सुवॉनच्या चार गुंमध्ये त्याला शीजांग नेमतो. पद एक, पण माणूस कुठे पुढारी तर कुठे अधिकारी. (कायम वास्तव्याचा परवाना मिळून तीन वर्षं झाली की स्थानिक निवडणुकीत आपल्यालाही मत देता येतं. माझी अजून झालेली नाहीत.)

बातम्या ऐकत जा. 2024 च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग आला, मग त्यांच्या जागी आलेल्या पंतप्रधानांवरही, आणि अर्थमंत्री एकाच वेळी दोघांचे प्रभारी झाले. निवेदिका त्यांच्या नावाबरोबर पदांची अख्खी आगगाडी एका दमात म्हणायची. 'ग्वॉन्हान-देहेंग', म्हणजे प्रभारी, हा शब्द मला तेव्हा न घोकता पाठ झाला.

खरी डोकेदुखी सारख्या आवाजाच्या शब्दांची. उइवॉन म्हणजे लोकप्रतिनिधी. संसदेतले 300 ते गुख्वे-उइवॉन. मी राहायला आले तेव्हा समोरच्या इमारतीत मजल्यामजल्यावर 'उइवॉन'च्या पाट्या. म्हटलं, सगळे आमदार-खासदार आपल्याच गल्लीत! ते दवाखाने होते. हंगुल या कोरियन लिपीत दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात.

शीजांगही तसाच. महापौर शीजांग, बाजारही शीजांग. शिवाय जुनी माणसं 'भूक लागली असेल ना' हे विचारताना 'शीजांग-हाशिजो?' म्हणतात. शेजारच्या आजींनी मला हे विचारलं तेव्हा निवडणुकीचे दिवस होते. मी सावरून बसले आणि तोडक्यामोडक्या कोरियनमध्ये सांगितलं, मला अजून मतदानाचा हक्क नाही.

आजींनी काही न बोलता किंबापची ताटली पुढे सरकवली.