तुझी गैरहजेरी कुणाला तरी जाणवली पाहिजे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. भाडेकरार, बँकेची कामे, परक्या भाषेतले सरकारी कागद, मध्यंतरीचे आजारपण हे सगळे तू एकटीने निभावलेस. तरीही शुक्रवारी संध्याकाळी दार लावून घेतल्यावर सोमवारी कामावर जाईपर्यंत एकाही माणसाशी समोरासमोर बोलणे होत नाही, आणि याला स्वातंत्र्य म्हणावे की एकटे पडणे म्हणावे हे तुला उमगत नाही, असे तू लिहितेस. हळूहळू सवय होईल, असे मी म्हणणार नाही. तुला या गोष्टीची सवय होईल, हीच तर मला धास्ती आहे.

मला तुझ्याकडून एकाच प्रश्नाचे उत्तर हवे आहे. उद्या तू नेहमीच्या वेळी नेहमीच्या ठिकाणी दिसली नाहीस, तर त्या शहरात ते कुणाच्या लक्षात येईल? ऑफिसचे नाव सांगू नकोस; तिथे तू रजेवर असशील असे धरून चालतात. घरच्यांचेही सांगू नकोस. तू फोन उचलला नाहीस, तर वेळेतल्या फरकामुळे आधी त्यांना वाटेल की तू झोपली असशील, आणि काळजी वाटू लागेल तेव्हा त्या शहरात फोन करण्याजोगा एकही नंबर त्यांच्याजवळ नसेल. कामावरच्या अर्जात ‘आपत्कालीन संपर्क’ या रकान्यात तू आईचा नंबर लिहिला आहेस. समुद्रापलीकडची आई तुझ्या दाराचे कुलूप कशी उघडणार?

मी परदेशात एकटी राहत असताना एका रुग्णालयात माझी छोटीशी शस्त्रक्रिया ठरली होती. सकाळी जायचे आणि संध्याकाळी घरी परतायचे, एवढेच. टेबलापलीकडच्या बाईंनी विचारले, “घरी न्यायला कोण येणार?” मी म्हणाले, टॅक्सीने जाईन. त्यांनी पेन खाली ठेवले. भूल दिलेल्या माणसाला जबाबदार सोबतीशिवाय सोडता येत नाही, हा नियम योग्यच आहे, पण तो मला तेव्हा अपमानासारखा झोंबला. शेवटी मी ज्या संध्याकाळच्या भाषावर्गाला जात असे, तिथल्या एका बाईंना विचारले. त्यांचे आडनावही मला ठाऊक नव्हते. त्या आल्या, वर्तमानपत्र वाचत बसल्या, मला घरी पोचवून जिना उतरून निघून गेल्या. मात्र पुढच्या वर्गाला मी दिसले नाही तेव्हा संध्याकाळी दारावर थाप पडली. ती थाप ऐकली तेव्हा कुठे मी त्या शहरात राहते आहे असे मला वाटले.

तेव्हा काही तासांच्या अंतरावर राहणाऱ्या नातेवाइकांना मी का कळवले नाही, असे आमच्याकडे अजूनही विचारले जाते. कळवले असते तर त्यांनी मला प्रेमाने त्यांच्या घरी नेऊन ठेवले असते आणि माझ्या शहरात माझे कुणीच नाही यावर शिक्कामोर्तब झाले असते. मला तुसडी म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावे. मला माणसे नको नव्हती असे नाही. मला ती पायी जाता येईल एवढ्या अंतरावर हवी होती. भाषावर्गातल्या त्या बाईंना मात्र माझ्याकडून वेळेवर पत्रे गेली नाहीत, याची खंत आहे.

रोज रात्री तासभर घरी बोलतेस हे चांगलेच आहे, पण त्याने भागत का नाही, याचे तुला नवल वाटते. रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने 1973 साली एकटेपणाचे दोन प्रकार सांगितले: एक जिवलग माणूस नसल्याचा आणि दुसरा आपल्या माणसांचा गोतावळा नसल्याचा, एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही, असे त्याचे म्हणणे. जिवलग माणसे तुला आहेत. तुला हवी आहेत ती “काल कुठे होतीस?” असे सहज विचारणारी माणसे, आणि ती फोनवर मिळत नाहीत.

मग तू लिहितेस, दोन महिने गायनाच्या गटात जाऊनही कुणी जवळचे झाले नाही. दोन महिन्यांत कसे होईल? मैत्री कशी जुळते याचा अभ्यास करणाऱ्या जेफ्री हॉल यांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्या गावी स्थलांतरित झालेली माणसेही होती. ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण 50 तासांचा सहवास लागतो आणि घनिष्ठ मैत्रीला 200 तासांहून अधिक, असा त्यांचा अंदाज. आठवड्याला दोन तास धरलेस तर पहिल्या टप्प्यालाच सहा महिने होतात. आठ आठवड्यांत कंटाळून गट बदलणाऱ्या माणसाने शहराला बोल लावू नये. तोच वार, तीच वेळ, तीच खुर्ची. मन नसेल त्या दिवशीही जा, कारण नेमाने न येणाऱ्याची गैरहजेरी कुणाला जाणवणार?

सहकाऱ्यांनी केवळ उपचार म्हणून बोलावले असेल, असे समजून तू त्यांना नकार दिलास, हे वाचून मात्र मला राग आला. शिकागो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो एकटेपणाला भुकेसारखी सूचना मानत. ही सूचना दीर्घकाळ मिळत राहिली की मन नकाराची चाहूल घेत बसते आणि साध्या वागण्यातही दुरावा पाहते, असे त्यांनी दाखवले. तेव्हा तुझ्या या अंदाजावर सध्या तरी फार विश्वास ठेवू नकोस. आणि उपचार म्हणून बोलावले असेल तरी काय बिघडले? उपचार म्हणूनच जा.

मिंधेपणाची भीती तुझ्यात आपल्या घरातूनच आली आहे, हे मी जाणते. तरीही घराची जादा किल्ली शेजारी ठेव आणि त्यांची किल्ली तुझ्याकडे मागून घे. शेजाऱ्यांचा नंबर आईला दे. ‘आपत्कालीन संपर्का’चा तो रकाना बदल, पण ज्याचे नाव लिहिशील त्याला आधी विचार. असे विचारणे अवघड वाटते, म्हणूनच ते करायचे.

परत यावे का, हे तू शेवटच्या ओळीत विचारले आहेस. गायनाचे हे सत्र संपेपर्यंत तो विषय काढू नकोस, आणि रविवारी संध्याकाळी तर मुळीच नको. त्यानंतरही यावेसे वाटले तर ये; मला कारणे लिहून पाठवायची गरज नाही.

तुझी,
मावशी