दसऱ्याचा मुहूर्त आणि बाजूची पेडलं

नाशिक,
रविवार

प्रिय पोरी,

काल पुढच्या शिफ्टला ओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती, देऊन झाल्यावर तू मोबाइलवर लाल गाडीचा फोटो दाखवलास. "मॅडम, दसऱ्याला घरी आणतेय, क्लासपण लावलाय." वॉर्डात बेल वाजत होती, म्हणून मी नुसतं "छान" म्हणून सुटले. ते "छान" मला घरी आल्यावर टोचत राहिलं. तोंडी काही बोलले असते तर तू "हो मॅडम" म्हणाली असतीस आणि संध्याकाळी बुकिंगचे पैसे भरून आली असतीस. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

गाडी घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. इव्हनिंगची ड्यूटी सुटल्यावर भर पावसात स्कूटी ढकलत नेताना मी तुला पाहिलंय. निफाडहून आईला गुडघे दाखवायला आणायचं म्हणजे दर वेळी कुणाच्या तरी गाडीची मनधरणी, हेही माहीत आहे. गाडी हवीच. मला खटकतो तो क्रम. तू आधी गाडी ठरवलीस, हात नंतर बसेल म्हणतेस. हात आधी बसू दे.

तुझा पहिला इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत घातलेली सलाइनची पहिली सुई, आठव. मी तुझं मनगट खालून धरलं होतं. एका झटक्यात व्हेन मिळाली आणि तू दिवसभर हवेत होतीस. दुसऱ्या दिवशी माझा ऑफ होता, आणि त्याच आजोबांची व्हेन तू तीनदा फोडलीस. आजोबांनी मला नंतर हात दाखवला, निळा झाला होता.

ड्रायव्हिंग क्लासचं अगदी तसंच असतं. मी 2008 मध्ये शिकले, चाळिशीत. पंधरा दिवसांत माझ्या हातून गाडी एकदाही बंद पडली नाही, तेव्हा मला वाटलं, हे आपल्या रक्तातच आहे. मग एकदा सहज खाली बघितलं तर सरांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक, आणि त्यांचे दोन्ही पाय कामात. एका हाताने फोनवर बोलता बोलता माझी गाडी तेच चालवत होते; मी नुसती स्टिअरिंगला धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी धीर करून म्हटलं, "सर, आज पाय मागे घेऊन बसा." पेठ नाक्यावर गाडी तीनदा बंद पडली. मागे दूधवाल्याचा टेम्पो, त्याच्यामागे शाळेची व्हॅन. सर खिडकीबाहेर बघत राहिले. त्या दिवशी घरी येऊन रडले, पण माझं खरं शिक्षण त्या दिवसापासून सुरू झालं. तू हे पाचव्याच दिवशी म्हण. क्लासवाले वैतागतात, वैतागू देत. आणि एका गाडीत दोघींना बसवून अर्ध्या तासाचे दोन भाग करत असतील, तर पैसे भरायच्या आधीच विचार.

आता वेळेचं. तू म्हणालीस, ड्यूटीतून वेळच मिळत नाही. तुझा रोटा मीच लावते, म्हणून सांगते, मिळतो. दुपारी दोनची इव्हनिंग असते त्या आठवड्यात सकाळी सहा ते साडेसात तुझे असतात. रस्ते रिकामे, डोकं ताजं, आणि चुकलीस तर बघायला फक्त फिरायला निघालेले आजी-आजोबा. मॉर्निंगच्या आठवड्यात नाद सोड. आठ तास उभं राहून आल्यावर द्वारका सर्कलच्या गर्दीत जाऊन काय शिकणार? आणि नाइट केलेल्या सकाळी स्टिअरिंगला हात लावायचा नाही, शिकताना नाही आणि शिकल्यावरही नाही. यात मी कुणाचं ऐकणार नाही, कारण मी लावला होता. नाइट संपवून येताना मुंबई नाक्याच्या सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून उभी होते, डोळा लागला, पाय सैल पडला आणि गाडी हळूच पुढच्या रिक्षाला जाऊन टेकली. रिक्षावाला तावातावाने उतरला, खिडकीतून माझा युनिफॉर्म बघितला आणि म्हणाला, "सिस्टर, बाजूला लावा, चहा प्या." चहाही त्यानेच पाजला. नंतर मागच्या दिव्याचे तीनशे रुपये घेतले, तेही बरोबरच होतं. तेव्हापासून नाइटला मी रिक्षानेच येते-जाते.

लायसन्सचं गणित दसऱ्याशी जुळवू नकोस. स्कूटीचं लायसन्स चारचाकीला चालत नाही, त्यात एलएमव्ही, म्हणजे हलकं चारचाकी वाहन, जोडून घ्यावं लागतं आणि त्यासाठी आधी लर्निंग काढायचं. लर्निंग सहा महिने चालतं, पण पक्क्या लायसन्सची टेस्ट पहिले तीस दिवस देता येत नाही. म्हणजे आज अर्ज केलास तरी मध्ये महिना आहेच. त्या महिन्यात पुढे-मागे 'एल'ची पाटी लावायची आणि शेजारी लायसन्स असलेलं माणूस बसवायचं. शेजारी कुणी नसताना एकटीने गाडी काढलीस आणि कुठे ठोकलीस, तर विमा कंपनी हात वर करू शकते. दसऱ्याला गाडी दारात आली आणि लायसन्स आलेलं नसलं, तर तू ती एकटीने काढणारच, हे मला दिसतंय. हार घातलेली नवी गाडी पार्किंगमध्ये नुसती बघत बसायला फार मोठा संयम लागतो.

पैशांकडे ये. फोटोतली गाडी आठ लाखांची होती, बरोबर? ती एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा सोडून. 2025 च्या सप्टेंबरमध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला हे खरं, पण महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला 11 टक्के रोड टॅक्स आहेच. अठ्ठ्याऐंशी हजार तिथेच गेले. त्यावर विमा, नव्या गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून देणारी पॉलिसी, तीन वर्षांची एकदमच घ्यावी लागते. शोरूमवाला विम्याचा कागद पुढे सरकवेल, तो त्याच्याकडूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेर दोन ठिकाणी विचार. आता हप्ता. सहा लाख नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलेस तर महिन्याला साधारण 12,450 बसतात. सात वर्षांना 9,650. बँकेचा माणूस तुला सात वर्षंच सुचवणार, हप्ता हलका दिसतो ना. पण त्यात व्याज जवळजवळ चौसष्ट हजारांनी जास्त जातं. पेट्रोल शंभराच्या वर आहे. रोजचं हॉस्पिटल आणि महिन्यातून दोनदा निफाड धरलं तर पाच हजार त्याचेच. सर्व्हिसिंग, पार्किंग, टायर मी धरलेलेच नाहीत. तुझा पगार मला माहीत आहे, म्हणून पुढचं लिहीत नाही.

माझं ऐकशील तर पहिली गाडी जुनी घे. दोन-अडीच लाखांची, छोटी, जिच्या दारावर आधीच एक ओरखडा आहे अशी. माझी पहिली जुनी मारुती 800 होती. तिला मी सोसायटीच्या खांबाला दोनदा घासलं आणि दोन्ही वेळा शांत झोपले. नव्या गाडीला पहिला चरा पडला की माणूस आठवडाभर गाडी काढत नाही, आणि शिकत असताना आठवडा गेला की हात जातो.

जुनी घेताना रंग बघून भुलायचं नाही. आधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, बघ, नाव विकणाऱ्याचंच आहे का. त्यावर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. थकलेली ई-चलानं तपास. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन नाव लगेच ट्रान्सफर करायला टाक, विमाही चौदा दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करून घे. मालकाला जो 'नो क्लेम बोनस', म्हणजे क्लेम न केल्याची विम्यातली सूट, मिळायचा तो गाडीबरोबर तुझ्याकडे येत नाही, त्यामुळे तो दाखवून कुणी भाव चढवत असेल तर हसून सोडून दे. आणि गाडी सकाळी थंड असताना सुरू करून बघायची. आपण जायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर समजायचं, काहीतरी झाकलंय.

एक बारीकसं, जे क्लासमध्ये मला कुणी सांगितलं नाही. आपण दोघी उंचीने बेताच्या. सीट इतकी पुढे घे की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. बॉनेट दिसत नसेल तर खाली घट्ट उशी घे, लाजायचं काय त्यात! आणि चढावर गाडी मागे येते म्हणून घाबरतेस ना? हँडब्रेक ओढ, हाफ क्लचला ये, थोडी रेस दे, बॉनेट जरासं उचलल्यासारखं वाटलं की मगच हँडब्रेक सोड. हे पन्नास वेळा केलंस की मग ते डोक्याला करावं लागत नाही.

निफाडचा रस्ता शेवटी. आईला बसवायची घाई तुला सगळ्यात जास्त आहे, पण तिथे उसाच्या आणि कांद्याच्या ट्रॉल्या असतात, आणि कित्येकींना मागे लाल दिवाच नसतो. समोरच्या गाडीचा अप्पर लाइट डोळ्यांवर आला की ती ट्रॉली दहा फुटांवर येईपर्यंत दिसत नाही. पहिले सहा महिने तिकडे उजेडातच जा-ये कर. आणि आईला आधीच सांगून ठेव, शेजारी बसून "अगं बाई" करायचं नाही.

बुकिंग केलं नसशील तर थांब. केलं असशील तर पैसे परत मिळतात का ते उद्याच विचार, लाजू नकोस.

बुधवारपासून तुझी इव्हनिंग आहे, मी रोटा बघितला. लर्निंग हातात आलं की त्या आठवड्यात सकाळी सहाला माझ्या बिल्डिंगखाली ये. गाडी माझी, एल मी चिकटवून ठेवते. शेजारी मी बसेन, पण माझ्या बाजूला पेडलं नाहीत. सँडल नको, ड्यूटीचे बूट घाल.

तुझी,
इनचार्ज सिस्टर