दोनापावलची ब्रिटिश दफनभूमी

प्रश्न : सुट्टीला आलेल्या नातीला दोनापावलची जुनी ब्रिटिश दफनभूमी दाखवायची आहे. गाईडशिवाय काय पाहावं? – एक आजी, म्हापसा

उत्तर : आजी, नातीला जरूर न्या. पोर्तुगीज गोव्यात इंग्रजांची थडगी कशी, हे तिला आधी सांगा. नेपोलियनच्या काळात फ्रेंच चालून येतील या धास्तीनं 1799 ते 1813 ब्रिटिश फौज इथं तळ ठोकून होती. काबोच्या टोकाला, आजच्या लोकभवनाकडे (राज्यपालांचं निवासस्थान, पूर्वीचं राजभवन), तिची छावणी होती.

सकाळी लवकर जा. तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरं उठून दिसतात. ऊन नसेल तर बाजूनं टॉर्च धरा. खडू मात्र मुळीच घासू नका, दगड कायमचा खरवडला जातो. नाव, वय, पलटण नातीलाच वाचू द्या. कोवळ्या वयाचे शिपाई भेटले की मला तिथून हलवत नाही.

पणजीचं सांतिनेझचं सिमितेर, म्हणजे ख्रिस्ती दफनभूमी, मात्र वापरातलं आहे. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, घरची माणसं मेणबत्त्या, फुलं घेऊन येतात. त्या दिवशी फोटो काढू नयेत असं मला मनापासून वाटतं.