फँटसी क्रिकेटमध्ये ७४ पैकी ४३ जिंकलो, हे डोकं की नशीब?

फँटसी क्रिकेट म्हणजे खऱ्या सामन्यातल्या खेळाडूंतून आपले अकरा निवडायचे, ते मैदानात जसे खेळतील तसे आपल्याला गुण. तुमचं म्हणणं असं: आयपीएलचे ७४ सामने, दोघांच्या स्पर्धेत दरवेळी ५० रुपये लावले, जिंकलं की ९० मिळायचे, ४३ वेळा जिंकलात. आता परभणीचा दोस्त नव्या ॲपवर रक्कम वाढवू म्हणतोय.

आधी हिशेब करू. भरले ३७००, आले ३८७०. उरले १७०, त्यातून ३० टक्के कर गेला की १२० रुपयेही हातात नाहीत. दोघांचे १०० जमा होतात अन् वाटले जातात ९०. मोंढ्यात भाव चढो की पडो, हमाली-तोलाई कापतातच, तसेच हे १०. म्हणून निम्मे सामने जिंकून भागत नाही, ४२ तरी लागतात.

आणि ४३ दिसायला दणकट असले तरी ७४ वेळा नुसतं नाणं उडवणाऱ्या दहा जणांतही एखाद्याला ४३ किंवा जास्त छापे पडतात. तुमचे ५८ टक्के खरंच ५५.६ च्या (५० भागिले ९०, म्हणजे खर्च भरून निघायची रेषा) वर टिकतात का, हे बऱ्यापैकी खात्रीने कळायला दीड हजार सामने हवेत. म्हणजे वीस आयपीएल! (एकाच सामन्याला तीच टीम वीस स्पर्धांत लावली तर ते वीस धरायचे नाहीत, एकच.)

डोकं लागतंच. टॉसनंतर अकरा जण जाहीर झाले की बाहेर बसलेला काढायचा, सलामीचा फलंदाज अन् शेवटची षटकं टाकणारा गोलंदाज घ्यायचा. पण समोरचाही हेच करतो. मग फरक पडतो कॅप्टनवर. त्याचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट, अन् तुम्ही निवडलेल्या त्याच अकरांतून या दोघांच्या ११० जोड्या होतात. तुमचा कॅप्टन पलीकडच्या टोकाला, धावेसाठी क्रीजबाहेर आलेला, समोरून सरळ फटका, चेंडू गोलंदाजाच्या बोटाला घासून स्टंपवर. एकही चेंडू न खेळता रनआउट. यात अभ्यास कुठं आला?

कोर्टात मात्र प्रश्न वेगळा होता: तुम्ही जिंकता का हा नाही, तर हा खेळच कौशल्याचा की नशिबाचा. २०१७ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने फँटसीला कौशल्याचा खेळ मानलं. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने तो भेदच काढून टाकला: कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून ऑनलाइन खेळ चालवायला बंदी. शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. पण बँकांनाही हे व्यवहार करायला मनाई आहे. तेव्हा दोस्ताचं ॲप पैसे कुठल्या यूपीआयवर मागतंय आणि ते खातं कुणाच्या नावावर आहे, एवढं आधी वाचा.