उष्णता आणि तापमान: आधी हे पक्कं कर

अकरावीचं भौतिकशास्त्र सुरू करतोयस, तर सूत्रांच्या मागे लागण्याआधी उष्णता आणि तापमान यांतला फरक समजून घे. मला तो फार उशिरा कळला आणि तोवरची सगळी गणितं मी नुसती घोकली होती.

पातेल्यात लिटरभर पाणी तापत ठेव, तापमापी तळाला न टेकवता पाण्यात धर. पारा चढत चढत १०० अंशांजवळ येईल, पाणी खळखळा उकळू लागेल आणि पारा तिथेच थांबेल. गॅस कितीही मोठा कर, तो हलणार नाही. मग उष्णता जाते कुठे? पाण्याची वाफ करण्यात. किलोभर पाणी २० अंशांवरून १०० वर न्यायला साधारण ३३५ किलोज्यूल लागतात, त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २२६०! वाफेचा चटका इतका जबर असतो तो यामुळेच.

महाबळेश्वरला हाच पारा ९५-९६ अंशांवर थांबेल, कारण तिथे हवेचा दाब कमी. कुकरमध्ये नेमकं उलट होतं.

तापमापी प्रयोगशाळेतलाच घे, ११० अंशांपर्यंत खुणा असलेला. ताप बघायचा तापमापी ४२ अंशांपर्यंतच असतो, उकळत्या पाण्यात फुटेल.